गंगाधर टिपरे पुन्हा बघायचंय? मग असं बघा

श्रीयुत गंगाधर टिपरे ज्यांनी तेव्हा बघितलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको, नुसतं नाव काढलं तरी चेहरा खुलतो. २००१ ते २००५, अल्फा मराठी म्हणजे आताचं झी मराठी, दिग्दर्शन केदार शिंदेंचं आणि आबा म्हणजे घरातले आजोबा गंगाधर टिपरे झालेत दिलीप प्रभावळकर. माझा या सिरियलवर अतोनात जीव आहे, म्हणून सांगते, परत बघायची असेल तर जरा नीट बघा, भाजी चिरताना मागे चालू ठेवायची ही गोष्ट नाही.

सगळ्यात आधी ऑटोप्ले बंद करा. खरंच. एका बैठकीत पाच-पाच एपिसोड उरकले की टिपरे हाताला लागत नाही, कारण ती बनलीच आठवड्यातून एकदा बघायला. घरातलीच काहीतरी छोटी भानगड, सगळ्यांची धावपळ, आणि शेवटी रात्री आबा डायरी लिहायला बसणार. मूळ प्रभावळकरांचं अनुदिनी हे पुस्तकच डायरीचं आहे, त्यामुळे ती डायरी म्हणजे एपिसोडला लावलेलं शेपूट नाही, सगळा जीव तिथे आहे. दिवसभर ज्यावर आपण हसलो तेच आबा शांतपणे परत सांगतात आणि मग कळतं की अरे, या माणसाने घरातल्या प्रत्येकाचं मन किती बारकाईने वाचलंय. ते ऐकल्यावर जरा वेळ तसंच बसावंसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच पुढचा एपिसोड धाडकन सुरू झाला तर काय उपयोग? एका दिवशी एकच बघा, जमलं तर आठवड्याला एकच.

दुसरं म्हणजे शक्यतो एकटं बघू नका. आबा, मुलगा-सून शेखर-श्यामला आणि नातवंडं शिऱ्या-शलाका, घरातच तीन पिढ्या आहेत, तर समोर सोफ्यावरपण दोन तरी पिढ्या असू देत. रात्री जेवणं झाल्यावरची वेळ उत्तम. मुलांना बसवायचं असेल तर 'आमच्या वेळी कशा सिरियल असायच्या' हे भाषण अजिबात नको, मुलं तिथेच उठतात. त्यापेक्षा सांगा की झपाटलेलामधला तात्या विंचू माहितीये ना, तोच माणूस हा आजोबा झालाय, मग बघा कशी डोळे मोठे करून बसतात. आणि पंच यायच्या आधी 'आता बघ हां, आता बघ' करायचं नाही, मला माहितीये फार अवघड असतं ते, पण तोंड मिटून बसा आणि त्यांना त्यांचं हसू द्या.

आपल्याला एपिसोड पाठ असेल तर एक करा, जो बोलतोय त्याच्याकडे बघूच नका. शेखर तावातावाने बोलत असेल तेव्हा श्यामलाकडे बघा, शुभांगी गोखलेंनी नुसतं ऐकताना काय काय केलंय ते दिसेल. आणि प्रभावळकरांचं तर काय सांगू, सिरियल सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, म्हणजे आबांपेक्षा कितीतरी लहान! त्यांचा आवाज, उठणं-बसणं बघताना हे लक्षात ठेवा, मग कळेल केवढं काम आहे ते.

आता थोडं अवघड. तेव्हा आपल्याबरोबर बसून बघणारं एखादं माणूस आता घरात नसतं. आमचे आजोबा आबांची डायरी सुरू झाली की आवाज वाढवायला सांगायचे, ऐकू व्यवस्थित यायचं त्यांना, पण तेवढा भाग त्यांना मोठ्यानेच हवा असायचा. आता तो भाग आला की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो आणि घशात येतं काहीतरी. असं होणार असेल तर पहिला एपिसोड सुट्टीच्या दिवशी बघा, मोकळा वेळ ठेवा, रडू आलं तर येऊ द्या, आणि त्या माणसाबद्दल तिथेच बोला, लहानांना सांगा की ते कुठे बसायचे, कशाला हसायचे. गप्प राहून ते जास्त जड होतं.

सोबत एक साधी वही ठेवा, शंभर पानी चालेल. एपिसोड संपला की तारीख घाला आणि कोण कोण होतं, कोण कशाला हसलं एवढं दोन ओळीत लिहा, लिहायची पाळी आळीपाळीने, लहान मुलांनापण द्या. आमच्या वहीत भाचीने एका पानावर फक्त 'आबा बरोबर होते' एवढंच लिहिलंय.

आणि आई-बाबा गावाला असतील किंवा भाऊ-बहीण परदेशात असेल तर वेळ ठरवून घ्या, फोन स्पीकरवर टाका, तीन-दोन-एक म्हणून दोन्हीकडे एकदम प्ले दाबा. नेटमुळे थोडं पुढे-मागे होतं, तिकडचं हसू आधी ऐकू येतं, चालतं तेवढं.