ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जातातच

मोबाइलवरून ॲप उडवलं की वर्गणी बंद झाली, असं समजू नका. पैसे कापले जातात ते तुम्ही एकदा मंजूर केलेल्या ऑटोपेमुळे, म्हणजे मँडेटमुळे. झडती त्याचीच घ्यायची.

बँक खातं आणि क्रेडिट कार्ड, दोन्हींचं १३ महिन्यांचं स्टेटमेंट काढा. दोन-तीन महिन्यांचंच पाहिलं तर वर्षातून एकदा कापल्या जाणाऱ्या वर्गण्या निसटतात, आणि मोठ्या रकमा बहुधा त्याच असतात. मग फोनमधली सगळी यूपीआय ॲपं एकेक करून उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे पाहा. तिथे दिसणारा आकडा पुष्कळदा कमाल मर्यादेचा असतो. प्रत्यक्ष कापली जाणारी रक्कम त्याहून कमी असू शकते, त्यामुळे हिशेब स्टेटमेंटवरूनच करा. १ रुपयाच्या ट्रायलमागेही पूर्ण रकमेचं मँडेट असतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सबस्क्रिप्शनची वेगळी यादी मिळते.

आता दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेला १२ ने गुणा. महिना १९९ रुपये किरकोळ वाटतात, वर्षाचे २,३८८ वाटत नाहीत. फोन किंवा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये जे ओटीटी आधीच मिळतंय, त्याचे वेगळे पैसे भरत असाल तर ते पहिलं काढा.

बंद करताना क्रम चुकवू नका: आधी सेवा रद्द, मग मँडेट. जिम किंवा पोस्टपेड इंटरनेटचं नुसतं मँडेट तोडलं तर करार चालूच राहतो आणि थकबाकी साचते. खात्यात पैसे न ठेवणं हा तर उपायच नव्हे. नॅचचा, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला की बँक दंड लावते. रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा बहुतेक ठिकाणी चालू राहते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. फुकट ट्रायल मात्र काही ठिकाणी तत्क्षणी बंद होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या साध्या वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, तेव्हा तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. मोबाइल बिलात कॉलर ट्यून किंवा तसलं काही घुसलं असेल तर १५५२२३ वर फोन करून बंद करता येतं.

लोकलचा पासही याच यादीत धरा. आठवड्यातून दोनच दिवस चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठत असाल, तर मासिक पासाच्या किमतीला जाण्या-येण्याच्या तिकिटाने भागा. येईल त्या आकड्यापेक्षा तुमचे प्रवासाचे दिवस कमी भरले, तर तिकीटच स्वस्त. गावी जाणार असाल तर पेपरवाल्याला तारखा आधी कळवा, आणि महिनाअखेरीच्या बिलात ते दिवस वजा झालेत का ते तपासा.