आमदाराची कारकीर्द कागदावर कशी काढायची

वृत्तपत्राच्या डेस्कवर नवीन पोरं आली की मी सरावाला सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबाच देतो. म्हणतो, आबा किती वेळा निवडून आले ते काढून दाखवा.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल असतो. वहीत वर्ष, पक्ष, मतं आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, एवढेच रकाने पाडा. आधी मतदारसंघ गाठा, तोही नावाने. पुनर्रचनेत क्रमांक बदलतात.

आबांचे १९६२, १९६७ सापडतात. १९७२ला पराभव. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ला शहाजीबापू पाटलांकडून हार, पुढे १९९९ ते २०१४ सलग चार. बेरीज दहा, आणि सगळीकडे तर अकरा छापलेलं! राहिली ती १९७४ची पोटनिवडणूक. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात ती येतच नाही, निकाल वेगळा शोधावा लागतो. बहुतेक पोरं इथेच अडकतात.

अकरा विजय म्हणजे पंचावन्न वर्षं, असा गुणाकार मात्र करू नका. १९७८ची विधानसभा १९८०मध्येच बरखास्त झाली होती.

पक्षाचा रकाना एकदम कंटाळवाणा: पहिल्यापासून शेवटपर्यंत शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. (असा कंटाळा हल्ली कुठे मिळतो म्हणा!) मंत्रिपदं वेगळ्या ओळीत लिहा.

आणि २०१९ला आबा उभेच नव्हते, नातू उभा होता. देशमुख दिसलं म्हणून तो पराभव आबांच्या खात्यावर टाकू नका.