एलएलसीचा ॲन्युअल रिपोर्ट: तारीख चुकू नये म्हणून

अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून देणारे पुष्कळ भेटतात. ती काढल्यावर दरवर्षी राज्याकडे काय भरायचं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. "सीपीए बघेल", "धंदाच झाला नाही तर कशाला भरायचं", "राज्याचं पत्र येईल की" ही तीन वाक्यं मी बारा वर्षं ऐकते आहे, आणि तिन्ही घातक आहेत. सीपीए, म्हणजे हिशेबनीस, टॅक्स रिटर्न भरतो. ॲन्युअल रिपोर्ट, म्हणजे राज्याला द्यायची वार्षिक माहिती, त्याच्या कामात धरलेला असतोच असं नाही, स्पष्ट विचारून घ्या. उत्पन्न शून्य असलं तरी रिपोर्ट द्यावा लागतो, कारण त्यात नफ्या-तोट्याचा आकडा नसतो. कंपनी चालू आहे, पत्ता हा, रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या नावाचे सरकारी आणि कोर्टाचे कागद घेणारा) हा, कारभार बघणारे हे, एवढंच राज्याला हवं असतं. आणि पत्र आलं नाही, या सबबीवर दंड माफ होत नाही.

आधी आपल्या राज्याचा नियम बघा. फ्लोरिडात सगळ्यांना एकच मुदत: १ मे, शुल्क १३८.७५ डॉलर, आणि एक दिवस उशीर झाला तरी वर ४०० डॉलर. पेनसिल्व्हेनियात २०२५ पासून दरवर्षी रिपोर्ट सुरू झाला. एलएलसीला ३० सप्टेंबर, शुल्क फक्त ७ डॉलर. कॅलिफोर्नियात दोन वर्षांतून एकदा २० डॉलर भरून माहिती द्यायची, आणि दरवर्षीचा ८०० डॉलरचा टॅक्स वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं होत नाही. ओहायो आणि ॲरिझोनात एलएलसीला असा रिपोर्टच नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मेव्हण्याने सांगितलेली तारीख तुमच्या कामाची नाही.

आता खरी अवघड गोष्ट. न्यू जर्सीत, म्हणजे आमच्याकडे, सगळ्यांना एक तारीख नाही. ज्या महिन्यात तुमची नोंदणी झाली, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रिपोर्ट भरायचा, ७५ डॉलर. वाचायला सोपं आहे, आणि मी इथेच फसले.

माझ्या कंपनीच्या नोंदणीच्या सर्टिफिकेटवर महिना-दिवस ०३/०८ असा छापला होता. शाळेपासून आधी दिवस, मग महिना लिहायची सवय. मी ते ३ ऑगस्ट असं वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसाला लाल गोल केला. खरी तारीख होती ८ मार्च. मे महिन्यात बँकेने कर्जासाठी गुड स्टँडिंगचं, म्हणजे राज्याकडे काही थकलं नसल्याचं, सर्टिफिकेट मागितलं, तेव्हा कळलं की रिपोर्ट थकला आहे. त्याच रात्री भरला. पण तोवर कर्जाची फाईल मागे पडली आणि केटरिंगसाठी बघून ठेवलेली किचनची जागा दुसऱ्याने घेतली. ती जागा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे: तारीख आठवणीवर किंवा कागदावरच्या आकड्यांवर सोडू नका. राज्याच्या वेबसाइटवर आपल्या कंपनीचं नाव शोधा, तिथली नोंदणीची तारीख बघा आणि महिना अक्षरांत लिहून ठेवा: "मार्च". दिवस १२ किंवा त्याआधीचा असेल तर तो महिना म्हणूनही वाचता येतो, म्हणून दोनदा तपासा. न्यू जर्सीच्या पोर्टलवर शिरतानाही कंपनीचा दहा आकडी एंटिटी आयडी आणि हीच तारीख लागते, महिना आधी घालून. तिथे ईआयएन टाकून "साइट चालत नाही" म्हणणारे मी खूप पाहिले आहेत. ईआयएन हा टॅक्ससाठीचा नंबर आयआरएसचा, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याचा, एंटिटी आयडी राज्याचा.

ज्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून डेलावेअरमध्ये एलएलसी काढली आणि धंदा न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरातून चालवतात, त्यांनी इथे आणखी थांबावं. तुम्हाला मुदती दोन आहेत. डेलावेअर एलएलसीकडून रिपोर्ट मागत नाही, पण १ जूनपर्यंत ३०० डॉलर वार्षिक टॅक्स घेतं. चुकलात तर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. शिवाय न्यू जर्सीत बाहेरची कंपनी म्हणून नोंद करावी लागते, आणि तिचा रिपोर्ट वेगळा. तो त्या दुसऱ्या नोंदीच्या महिन्यात येतो, डेलावेअरच्या नाही. "डेलावेअरला भरलं, झालं" हा सल्ला देणाऱ्याकडून पुन्हा कधीही सल्ला घेऊ नका. एका घरातून चालणाऱ्या छोट्या धंद्याला डेलावेअरची गरज नसते, हे माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्म भरणं दहा मिनिटांचं काम आहे.

फक्त रजिस्टर्ड एजंटचा पत्ता नीट वाचा. पुष्कळ जण स्वतःच एजंट असतात, घर बदलतात, पोस्टाला कळवतात आणि राज्याला कळवायचं राहतं. मग कोर्टाची नोटीससुद्धा जुन्या घरी जाते.

पत्रांबद्दल एक सावधगिरी. नोंदणी झाली की गरुडाचं चित्र, फॉर्म नंबर आणि "शेवटची तारीख" असलेले लिफाफे येऊ लागतात आणि ७५ डॉलरच्या कामाला कितीतरी जास्त रक्कम मागतात. तळाशी बारीक अक्षरांत "आम्ही सरकारी संस्था नाही" असं असतं. माझ्या जावेने असा चेक भरून पाकिटात घातला होता. मी तो तिच्या हातून काढून घेतला. त्या पत्रातल्या पत्त्यावर काहीही पाठवू नका. राज्याची साइट स्वतः उघडा. पत्त्याच्या शेवटी बहुतेक ठिकाणी डॉट जीओव्ही असतं. फ्लोरिडाची सनबिझ डॉट ऑर्ग मात्र खरोखर सरकारी आहे, तिला घाबरू नका.

भरून झालं की पावतीची पीडीएफ कंपनीच्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढच्या वर्षीची आठवण त्याच बैठकीत फोनमध्ये लावा, मुदतीच्या तीस दिवस आधीची.

मुदत टळली असेल तर वकील शोधत बसू नका, आजच भरा. न्यू जर्सीत सलग दोन वर्षं रिपोर्ट चुकला तर नोंदणी रद्द होते. मग थकलेले सगळे रिपोर्ट आणि वर पुन्हा चालू करण्याचं शुल्क भरावं लागतं. फ्लोरिडात सप्टेंबरच्या चौथ्या शुक्रवारी कंपनी विसर्जित करतात. तिथे तिसऱ्या शुक्रवारपर्यंत ४०० डॉलरच्या दंडासह रिपोर्ट भरला, तर कंपनी वाचते.