पेनसिल्व्हेनियात अँक्झायटीसाठी मेडिकल मारिजुआना कार्ड कसं काढावं

सगळ्यात आधी पासपोर्ट बघा. तो अमेरिकेचा नसेल तर इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय मेडिकल मारिजुआना, म्हणजे औषधी गांजाच्या कार्डाचा हा अर्ज भरू नका. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन व्हिसा तर सोडाच, ग्रीन कार्ड असलं तरीही नको. "राज्यानेच परवानगी दिलीय, मग घाबरायचं काय?" असं सांगणारा प्रत्येक मंडळाच्या गणपतीत एक तरी भेटतो. तो चुकतोय. इमिग्रेशन फेडरल कायद्याने चालतं आणि त्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थ आहे. विमानतळावर किंवा व्हिसाच्या मुलाखतीत "हो, घेतो" एवढं कबूल केलं तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी कोर्टात शिक्षा झालेली असावी लागत नाही. यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशन बघणाऱ्या फेडरल खात्याने, तर एप्रिल २०१९ मध्ये लेखी धोरण काढून सांगितलं की राज्याच्या कायद्यात बसणारा गांजाही नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो. अँक्झायटीवर दुसरे उपचार आहेत. अडकलेल्या व्हिसावर सहसा नसतात.

पुढचं सगळं अमेरिकन नागरिकांसाठी.

पेनसिल्व्हेनियाचा मेडिकल मारिजुआनाचा कायदा २०१६चा. त्यात सुरुवातीला अँक्झायटी नव्हती. २० जुलै २०१९ पासून चिंताविकार पात्र आजारांच्या यादीत आले, तेही एका स्पष्ट सूचनेसह: हे औषध आधीच्या उपचारांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला घ्यायचं. ही सूचना लक्षात ठेवा, कारण डॉक्टरही तिच्याच नजरेने तुमची फाइल वाचतात.

नोंदणी राज्याच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर होते. पंधरा मिनिटांचं काम, पण मराठी नावं तिथे हमखास अडकतात. फॉर्ममधलं नाव आणि पत्ता पेनडॉटच्या (राज्याच्या वाहतूक खात्याच्या) ड्रायव्हिंग लायसन्सशी अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. आपल्या जुन्या भारतीय पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं. लायसन्सवर ते कधी पूर्ण येतं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी मधल्या नावात जातं. पासपोर्ट बाजूला ठेवा, लायसन्स समोर घ्या आणि त्यावर जसं छापलंय तसंच टाइप करा, अपार्टमेंट नंबरसकट. घर बदललं असेल तर आधी पेनडॉटला कळवा (तो नियम तसाही १५ दिवसांचा आहे) आणि मग नोंदणी करा. नोंदणी झाली की पेशंट आयडी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, डॉक्टरांना तोच लागतो.

आता खरी अडचण: डॉक्टरांचं सर्टिफिकेशन. लोक इथेच पैसे घालवतात.

आधी कागद, मग अपॉइंटमेंट. उलटं करू नका. "रेकॉर्ड नसलं तरी चालेल, दहा मिनिटांत काम होईल" अशी जाहिरात करणाऱ्यांपासून लांब राहा. कायद्यानुसार डॉक्टरांना तुमचा इतिहास बघून, तुम्हाला पात्र आजार आहे आणि या औषधाचा फायदा होण्याची शक्यता आहे असं सही करून सांगावं लागतं. नीट काम करणारे डॉक्टर कागद मागतातच. नसले तर भेटीची फी जाते आणि हात हलवत परत यावं लागतं. ही फी विमा देत नाही. बहुतेक ठिकाणी ती १०० ते २०० डॉलरच्या आसपास असते.

कागद म्हणजे नेमकं काय? डॉक्टरांकडून निघताना हातात देतात ते आफ्टर व्हिजिट समरी पुरत नाही, त्यात बहुतेक वेळा सूचना आणि पुढची तारीख एवढंच असतं. लागते ती व्हिजिट नोट, म्हणजे डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली टिपण. ती पेशंट पोर्टलवर नोट्स या भागात सापडते. न सापडली तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी मागा. कायद्याने त्यांना साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गेल्या वर्षभरातली एक तरी नोट हवी, त्यावर निदान हवं आणि चालू औषधांची यादी हवी.

निदानाचा कोड स्वतः वाचा. एफ ४१.१ म्हणजे सततची, सर्वसाधारण अँक्झायटी. एफ ४१.० पॅनिक डिसऑर्डर, एफ ४०.१० सोशल अँक्झायटी, एफ ४१.९ प्रकार न सांगितलेली अँक्झायटी. हे सगळे चालतात. एफ ४३.२२ दिसला तर सावध व्हा. नोकरी गेली, घटस्फोट झाला अशा प्रसंगाने आलेल्या चिंतेचा तो कोड आहे. नावात अँक्झायटी असली तरी वैद्यकीय वर्गीकरणात तो चिंताविकारांत मोडत नाही. त्रास त्या प्रसंगापुरता राहिला नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्या.

आपल्या माणसांच्या फाइलमध्ये मात्र वेगळाच घोळ असतो. अँक्झायटी तिथे लिहिलेलीच नसते. आपण डॉक्टरांना सांगतो ते "छातीत धडधडतं", "ॲसिडिटी होते", "झोप लागत नाही". टेन्शन आहे का विचारलं तर "तसं काही विशेष नाही". मग ईसीजी होतो, तो नॉर्मल येतो, फाइलमध्ये धडधड आणि ॲसिडिटी लिहिली जाते आणि पाच वर्षांच्या त्रासाचा एकही उपयोगी कागद तयार होत नाही. अशी फाइल घेऊन सर्टिफिकेशनला जाऊ नका. आधी फॅमिली डॉक्टरांकडे फक्त याच कारणासाठी वेगळी भेट घ्या आणि जीएडी-७ ही अँक्झायटी मोजणारी प्रश्नावली भरून मागा. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २१. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टर पुढची तपासणी करतात. प्रश्नांची उत्तरं खरी द्या, फुगवूही नका आणि झाकूही नका.

त्या भेटीत भावना नाही, दिवस सांगा. "खूप काळजी वाटते" यातून डॉक्टरांना काही लिहिता येत नाही. "आठ महिने झाले, आठवड्यातले पाच दिवस पहाटे तीनला जाग येते, मान आणि जबडा आखडलेला असतो, मार्चपासून दोन मीटिंग्ज मध्येच सोडून बाहेर आलो" हे लिहिता येतं. एफ ४१.१ च्या निदानाला किमान सहा महिने, बहुतेक दिवस टिकणारी, आवरता न येणारी चिंता लागते. सोबत अस्वस्थपणा, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी किमान तीन लक्षणं. घरच्या माणसाला सोबत न्या. चिडचिड आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसते.

पुण्या-मुंबईत उपचार झाले असतील तर प्रिस्क्रिप्शनचे फोटो कामाचे नाहीत, अक्षर इथे लागत नाही. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर, टाइप केलेलं, इंग्रजीत एका पानाचं पत्र मागवा: निदान, कधीपासून, कोणती औषधं किती काळ, काय उपयोग झाला, काय त्रास झाला. समुपदेशकाकडे जात असाल तर त्यांचंही असंच पत्र चालतं. सत्रातल्या खासगी टिपणांची गरज नसते, त्या देऊही नका.

आता आरोग्य खात्याच्या यादीतला डॉक्टर निवडा. नेहमीचा डॉक्टर यादीत नसला तर सही करू शकत नाही. सर्टिफिकेशनच्या भेटीत सगळी औषधं सांगा. डॉक्टर राज्याच्या नोंदीत तुमची नियंत्रित औषधं बघतातच. अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपॅम या चिंतेवरच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते. सीबीडीमुळे (गांजातला नशा न आणणारा घटक) एस्सिटालोप्राम या नैराश्य-चिंतेवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणं) किंवा बायपोलर असेल तर तेही लपवू नका. हे कळल्यावर डॉक्टर नाही म्हणाले तर ऐका.

सर्टिफिकेशन आलं की पुन्हा लॉगिन करा आणि ५० डॉलर भरा. मेडिकेड, स्नॅप किंवा विक (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी योजना) असेल तर सवलत मिळते. कार्ड टपालाने येतं.

डिस्पेन्सरीत, म्हणजे औषधी गांजाच्या परवानाधारक दुकानात, डेबिट कार्ड किंवा रोख न्या. क्रेडिट कार्ड चालत नाही. पहिल्या भेटीत फार्मासिस्टशी बोला आणि अँक्झायटीसाठी हवंय हे आधी सांगा. काउंटरवर सगळ्यात तीव्र माल सुचवला तर घेऊ नका. टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) थोडं असलं तर मन शांत करतं, जास्त झालं तर तेच भीती वाढवतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या एका प्रयोगात ७.५ मिलिग्रॅमने ताण कमी झाला आणि १२.५ मिलिग्रॅमने मन आणखी बिघडलं. फरक फक्त पाच मिलिग्रॅमचा. सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी असलेलं टिंक्चर (थेंबांनी घ्यायचं द्रावण) घ्या, टीएचसी २ ते २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करा, तेही रात्री, घरी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. पोटात घेतलेला डोस चढायला दोन तास लागू शकतात, म्हणून "काहीच होत नाही" म्हणत दुसरा घेऊ नका. व्हेपचा (वाफ ओढण्याचा) डोस मोजता येत नाही, सुरुवातीला तो नकोच. पेटवून ओढणं या राज्यात कार्ड असूनही बेकायदा आहे, आणि घरी रोप लावणंही.

गाडीचं नीट समजून घ्या. पेनसिल्व्हेनियात रक्तात गांजाचा अंश सापडला तरी डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागू शकतो. कार्ड हा बचाव नाही, आणि अंश कित्येक दिवस राहतो.

औषध राज्याच्या हद्दीबाहेर नेऊ नका, न्यू जर्सीतल्या भावाकडेही नाही. भारतात तर मुळीच नाही. तिथे १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे आणि अमेरिकेतल्या कार्डाला तिथे काही अर्थ नाही. बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेली टिंक्चरची बाटलीसुद्धा गुन्हा ठरते. म्हणून विमानाची बॅग भरायच्या आधी ती रिकामी करून उजेडात झटकून बघा.

सर्टिफिकेशन जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं, डॉक्टर कमी मुदतही देऊ शकतात. संपायच्या महिनाभर आधी पुन्हा वेळ घ्या आणि जाताना ताजा जीएडी-७ आणि वर्षभराची डोसची वही न्या: तारीख, मिलिग्रॅम, झोपेचे तास.