कामासाठी फिरवलेल्या गाडीचा खर्च आयकरात कसा वजा करावा

रिटर्न भरायचे दिवस जवळ आले की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो: "तू एवढा फिरतोस, किलोमीटरला किती रुपये लावतोस?" काहीच लावत नाही. व्यवसाय करणाऱ्यासाठी आपल्या आयकर कायद्यात किलोमीटरमागे ठरलेला दरच नाही. व्हिडिओंमध्ये सांगतात ते मैलामागचे दर अमेरिका-इंग्लंडचे, ते तिकडेच राहू द्या. इथे गाडीवर खरोखर झालेला खर्च मांडायचा, त्यातला कामाचा हिस्सा काढायचा आणि तेवढाच वजा करायचा. किलोमीटर लागतात ते फक्त हा हिस्सा ठरवायला.

मी नाशिकमध्ये पॅकहाउस (द्राक्षं वगैरे फळं निवडून पॅक करायची जागा) आणि कोल्ड स्टोरेजला लागणारी यंत्रं कमिशनवर विकतो. सातपूर-अंबड नेहमीचंच; ओझर, पिंपळगाव, दिंडोरी, सिन्नर हेही चालू असतं. खाली कलमांचे क्रमांक दिलेत ते १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाला आणि क्रमांक बदलले, पण सीएपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच आहेत.

आधी बघा, हे तुमच्यासाठी आहे का

नोकरी करत असाल तर स्वतःच्या रिटर्नमध्ये पेट्रोल वजा करता येत नाही. जे काही व्हायचं ते कंपनीमार्फतच होतं. कंपनीच्या कामाला स्वतःची गाडी वापरता आणि कंपनी त्याचे पैसे देते, तर ते करमुक्त धरले जावेत म्हणून प्रवासाचा तपशील (तारीख, ठिकाण, अंतर, खर्च) ठेवावा लागतो आणि खर्च कामासाठीच झाला, असा कंपनीचा दाखला लागतो. पगाराबरोबर नुसता "वाहन भत्ता" येतो आणि कामाचा हिशेब कोणी मागत नाही, तर तो पगारच समजा. स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून होणारी सरसकट वजावट) सगळ्या नोकरदारांना मिळतं, त्याचा गाडीशी संबंध नाही. नोकरदारांना खालच्या भागातलं लॉगबुक (गाडीच्या फेऱ्यांची वही) उपयोगी पडेल, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

व्यवसाय असेल आणि ४४एडी किंवा ४४एडीए या कलमांखाली अंदाजित नफा (खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठरावीक हिस्साच नफा धरणं) दाखवत असाल, तर गाडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर अशांनी ४४एडीए घेतलं की जमेच्या निम्मा नफा धरला जातो आणि उरलेल्या निम्म्यात पेट्रोलपासून घसाऱ्यापर्यंत (गाडी जुनी होते तशी तिची घटणारी किंमत) सगळं आलं. "५० टक्के पण घ्या आणि वर गाडीपण टाका" असं सांगणारा भेटला तर चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

कमिशन आणि दलालीवाल्यांना मात्र ४४एडी मिळतच नाही. विमा एजंट, जमिनीचे दलाल, माझ्यासारखे यंत्रविक्रीवाले, सगळ्यांना हिशेबाची वही ठेवूनच खर्च दाखवावा लागतो. म्हणून गाडीचा हिशेब सगळ्यात जास्त आपल्याच कामाचा.

नवी करप्रणाली घेतली म्हणून व्यवसायाचा खर्च जात नाही. जातात त्या ८०सी (विमा, पीपीएफसारखी बचत) वगैरे वजावटी. हा गैरसमज इतका पसरलाय की मी आता वाद घालणंही सोडलंय.

कागद

आरसी बुक, विम्याची पावती, गाडीच्या कर्जाचं वर्षाचं व्याजाचं प्रमाणपत्र, सर्व्हिसिंगची बिलं, फास्टॅगचं स्टेटमेंट. पेट्रोलची पावती उन्हात डॅशबोर्डवर महिनाभर राहिली की कोरी होते, त्यामुळे पंपावरच फोटो काढा आणि पैसे यूपीआय किंवा कार्डानेच द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो. पेट्रोलमध्ये ही मर्यादा सहसा येत नाही, पण चार टायर एकदम बदलले की हमखास येते.

आरसी कोणाच्या नावावर आहे तेही बघा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तुम्ही कामासाठी टाकलेलं पेट्रोल तुमचा खर्च होऊ शकतं, पण घसारा तुम्हाला मिळत नाही. घसाऱ्यासाठी मालकी लागते.

लॉगबुक: खरं काम इथे आहे

या सगळ्या व्यवहारात मला सगळ्यात जास्त त्रास याच पायरीने दिला आणि सगळ्यात भंगार सल्लेही याच पायरीवर मिळतात. पहिला सल्ला: "८० टक्के टाक, कोण विचारतंय." दुसरा: "मार्चमध्ये एक डायरी आण आणि बसून भरून काढ." तिसरा जरा हुशार वाटतो: "एक महिना नीट लिही आणि बाराने गुण."

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो निदान प्रामाणिक आहे. नाशिकमध्ये तो चालत नाही. द्राक्षाच्या धंद्याशी संबंध असलेल्या माणसाची गाडी दिवाळीपासून मार्चपर्यंत थांबत नाही आणि पावसाळ्यात आठवडा आठवडा पार्किंगमध्ये असते. फेब्रुवारी बाराने गुणला तर गाडीने वर्षभरात मीटरपेक्षाही जास्त प्रवास केलेला निघेल. जुलै गुणला तर तुमचंच नुकसान.

मार्चमध्ये एका बैठकीत भरलेली डायरी ओळखू येते. एकच पेन, एकच अक्षर, सगळी अंतरं शून्याने संपणारी. पण त्याहून मोठी अडचण अशी की तुमच्या गाडीची दुसरी नोंद आधीच झालेली असते. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि मीटरचा आकडा छापलेला असतो. डायरी म्हणते ऑगस्टअखेर ४८,०००, बिल म्हणते ४५,५००, मग कोणाचं खरं? फास्टॅगचंही तसंच. डायरीत पुण्याची फेरी आणि त्या दिवशी शिंदे टोल नाक्यावर कपात नाही, किंवा डायरीत मालेगाव आणि पिंपळगाव नाका कोरा, तर उत्तर देताना घाम फुटेल. चौकशी निघाली तर अधिकारी आधी हेच कागद एकमेकांशेजारी ठेवतो, आणि त्याने तसं करणं बरोबरच आहे.

मी काय करतो ते सांगतो. १ एप्रिलला सकाळी मीटरचा फोटो. ३१ मार्चला रात्री मीटरचा फोटो. या दोघांच्या वजाबाकीतून वर्षाचं एकूण अंतर मिळतं. आता खासगी फेऱ्या लिहायची गरजच उरत नाही. लोक इथेच थकतात: भाजी आणली लिही, मुलीला क्लासला सोडलं लिही, आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद. फक्त कामाच्या फेऱ्या लिहा. एकूणमधून त्या वजा केल्या की उरतं ते सगळं खासगी. मात्र एकूण आकडा नसेल तर कामाचे किलोमीटर कितीही व्यवस्थित लिहिलेले असोत, त्यांची टक्केवारी निघत नाही.

नोंद एवढीच:

१४ ऑक्टो. | ४८,३१२ ते ४८,३८१ | पिंपळगाव, पॅकहाउस (गिऱ्हाइकाचं नाव) | ग्रेडिंग लाइनचं कोटेशन

शेवटचा रकाना गाळू नका. "काम" किंवा "मीटिंग" असं लिहिणं म्हणजे न लिहिणंच. कोणाकडे आणि कशासाठी, हे चार शब्दांत आलं पाहिजे, म्हणजे त्या तारखेचं कोटेशन, बिल किंवा व्हॉट्सअॅपचा मेसेज त्याच्याशी जुळतो. आणि नोंद त्याच दिवशी, गाडी बंद करताना. मी वही हँडब्रेकशेजारच्या खाचेत ठेवतो, पेन तिलाच दोऱ्याने बांधलेलं. अॅपही आहेत, ज्याला जमतं त्याने वापरावं. माझं मत वहीलाच.

आता अडणाऱ्या फेऱ्या.

घर ते तुमचं कायमचं ऑफिस हा प्रवास खासगी. इंदिरानगरला राहता आणि कॉलेज रोडला ऑफिस आहे, तर ती रोजची ये-जा कामात धरू नका. ऑफिसमधून पुढे अंबडला गिऱ्हाइकाकडे गेलात, तर तिथपासून काम सुरू. व्यवसायाची जागाच घरी असेल, तर घरातून थेट गिऱ्हाइकाकडे जाणं कामाचं.

दिंडोरीला गिऱ्हाईक आहे आणि तसंच पुढे वणीला देवीचं दर्शन घेऊन यायचंय, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दिंडोरीत पोचल्यावर मीटर बघा. तिथवरचं अंतर जाऊन-येऊन कामाचं, त्यापुढचं देवीचं. अख्खी फेरी धंद्यात घालू नका.

आणि हा नाशिककरांचा खास मुद्दा: स्वतःची द्राक्षबाग. आपल्यातल्या कितीतरी जणांचा शहरात व्यवसाय आणि निफाड-दिंडोरीकडे बाग असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे ते मिळवण्यासाठी झालेला खर्च व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होत नाही. बागेवर औषध घेऊन गेलात, मजुरांचं बघायला गेलात, तर ती फेरी कामाची असली तरी या हिशेबापुरती बाहेरची. त्याच रस्त्यावर गिऱ्हाईकही असेल तर वर सांगितलं तसंच मीटर तोडून लिहा.

टक्केवारी किती यावी, असा नियम नाही. पण घरात एकच गाडी, दोन मुलं, आणि कामाचा हिस्सा ९० टक्के, हे कोणालाही पटणार नाही. घरात दुसरी गाडी असेल तर पटू शकतं, तेव्हा तिच्या आरसीची प्रत फाइलला लावून ठेवा.

आकडेमोड

उदाहरण घ्या. १ एप्रिलला मीटर ४१,२६०, ३१ मार्चला ५६,०६०. एकूण १४,८०० किलोमीटर. वहीतल्या कामाच्या फेऱ्यांची बेरीज ९,६२०. हिस्सा ६५ टक्के.

वर्षाचा खर्च: पेट्रोल १,०४,०००, सर्व्हिसिंग आणि टायर २६,०००, विमा १७,०००, कर्जाचं व्याज ३८,०००. एकूण १,८५,०००, त्याचे ६५ टक्के १,२०,२५०. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज धरायचं, मुद्दल नाही. हप्ताच्या हप्ता खर्चात टाकलेली वही मी पाहिली आहे.

घसारा: मोटारीला घटत्या किमतीवर (म्हणजे आधीच्या वर्षांचा घसारा वजा जाता उरलेल्या किमतीवर) १५ टक्के. गाडीची वर्षारंभीची किंमत ५,००,००० असेल तर ७५,०००, त्याचे ६५ टक्के ४८,७५०. नवी गाडी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरात आली असेल तर दर निम्मा. दसऱ्याला घेतलेली गाडी बहुतेक वर्षी यातच सापडते, कारण मार्चअखेर १८० दिवस भरायला ती ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच वापरात आलेली असावी लागते.

दोन्ही मिळून १,६९,००० रुपये उत्पन्नातून वजा. लक्षात घ्या, हे करातून वजा होत नाहीत. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचणारा कर यावरचा साधारण ३० टक्के आणि उपकर.

टोल आणि पार्किंगला टक्केवारी लावायची गरज नाही. कामाच्या फेरीचा टोल पूर्ण, खासगी फेरीचा शून्य. फास्टॅगच्या स्टेटमेंटवर तारखेसमोर खूण करत गेलं की झालं. गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आपल्यासारख्यांना मिळत नाही, त्यामुळे बिलं जीएसटीसकट धरा. स्कूटर किंवा बाइकवर फिरत असाल तर पद्धत हीच.

रिटर्नमध्ये

फॉर्म आयटीआर-३. खर्च नफा-तोटा पत्रकात, घसारा त्याच्या स्वतंत्र तक्त्यात. ३५ टक्क्यांचा खासगी भाग उचल खात्याला (मालकाने घरासाठी काढलेल्या पैशांचं खातं) टाका, म्हणजे तो नफा-तोट्यात येतच नाही. सीएकडे जाताना त्याला टक्केवारी विचारू नका, तुम्ही सांगा आणि वही समोर ठेवा. त्याने "थोडी वाढवू का?" म्हटलं तर नको म्हणा, नोटीस आली तर ती तुमच्या पॅनवर येते.

वही, बिलं आणि मीटरचे दोन्ही फोटो त्या करनिर्धारण वर्षाच्या (कमाईच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून सहा वर्षं सांभाळायचे. फोटो फोनमध्ये ठेवू नका, फोन त्याआधी बदलतो. प्रिंट काढून वहीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाला चिकटवा.