गाडी जागेवर पडली तर: क्रॅश गार्ड आणि नंतरची दुरुस्ती

उतारावर मोटारसायकलचा यू-टर्न मारताना टेकायला जमीन सापडत नाही, पावसात साइड स्टँड चिखलात रुततो, कोकणातल्या वळणावर जांभ्याची खडी पुढचं चाक अलगद सरकवते. वेग ताशी दहाच्या आतबाहेर असतो, अंगाला खरचटतं इतकंच. पण रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० सारखी १९५ किलोची गाडी कुशीवर जाते. अशा पडण्यात नुकसान करतं ते वजन. ते सगळं हँडलचं टोक, लिव्हर, फुटरेस्ट अशा बाहेर आलेल्या दोन-चार ठिकाणी येतं. क्रॅश गार्ड, म्हणजे इंजिनच्या पुढे बसवलेली लोखंडी नळी, असेल तर पहिला मार तो खातो. त्यासाठीच तो असतो, म्हणून वाकलेल्या गार्डावर चिडू नका. गार्ड जराही वाकला नाही, तर तो मार पुढे कुठे गेला हे मात्र शोधायला हवं.

आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग किल्ली बंद. विम्याचा विचार असेल तर उचलण्याआधी दोन फोटो काढा. पेट्रोलचा वास येत असेल तर जवळ कुणाला बिडी-सिगारेट पेटवू देऊ नका. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर सरळ झालेली गाडी तशीच डावीकडे कलंडते. पहिला गियर टाका. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून लॉकला टेकवा. मग सीटला पाठ लावा, एक हात खालच्या ग्रिपला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर लहान पावलं टाकत मागे रेटा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर गाडी उठेलही, कंबर उठणार नाही.

लगेच सेल्फ मारू नका. आडव्या गाडीतलं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरकडे जातं. पाच-दहा मिनिटं गाडी सरळ उभी ठेवा, मग ऑइलची पातळी बघा. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की तो सहसा सुटतो. कार्ब्युरेटरची गाडी ओव्हरफ्लो झालेली असते, तिला चोक न देता थ्रॉटल उघडा धरून चालू करा. सुरुवातीला निळसर धूर आला तर घाबरायचं कारण नाही, पण फिल्टर उघडून बघा. तो ऑइलने भिजला असेल तर बदला. सेल्फ दाबल्यावर इंजिन 'टक' करून अडलं तर जोर करू नका. प्लग काढा, इंजिन हळू फिरवून आत काय साचलंय ते बाहेर येऊ द्या. जुनी पाण्याची बॅटरी असेल तर सांडलेलं ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर महिनाभरात तिथला रंग फुगतो.

आता गार्ड. नळीवरचे ओरखडे नंतर बघू. आधी बोल्ट जिथे बसतो ते चेसिसचे कान आणि इंजिन माउंटिंग बघा. कापडाने पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसली किंवा रंग रेषेत उडालेला दिसला, तर तिथे चीर असू शकते. अशी गाडी लांब नेऊ नका. मग गार्डाचं माप घ्या: मागून बघत चेसिसच्या मध्यापासून दोन्ही बाजूंच्या टोकांपर्यंत टेप लावा. एक बाजू सेंटिमीटरभर आत असेल आणि इंजिन, टाकी, सायलेन्सर, गुडघा कशालाच लागत नसेल, तर तसाच चालवला तरी बिघडत नाही. त्याहून जास्त वाकला असेल तर खोला.

खोलताना लोक हमखास एक चूक करतात. वाकलेला गार्ड ताणात असतो. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला की नळी सरकते आणि दुसरा बोल्ट भोकात तिरका अडकतो. म्हणून सगळे बोल्ट आळीपाळीने दोन-दोन फेरे सैल करा. परत बसवताना भोकं जुळली नाहीत तर बोल्ट ठोकू नका. ॲल्युमिनियममधले आटे गेले की तीस रुपयांच्या बोल्टापायी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालायची वेळ येते. सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्याने गार्ड हळूहळू ओढा, भोक समोर आलं की बोल्ट हाताने दोन-तीन फेरे लावा, आणि सगळे बोल्ट हाताने लागल्यावरच पाना घ्या. गाडीवरच गॅस लावून नळी सरळ करून देणारे भेटतात. नको. पावडर कोटिंग जळतं, जवळचं वायरिंग आणि पाइप तापतात. एकदा वाकून सरळ केलेली नळी पुढच्या वेळी तिथेच दुमडते. नळी चपटी झाली असेल तर सरळ नवा गार्ड घ्या.

ओरखडे मात्र त्याच आठवड्यात झाका, पावसाळ्यात तर दोन दिवसांत लाली धरते. आधी १२०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड प्रायमर, तो वाळल्यावर काळ्या स्प्रेचे दोन पातळ हात. नळीची टोकं उघडी असतील तर प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करा आणि सर्वात खालच्या जागी पाणी निघायला छोटं भोक आहे का ते बघा. गार्ड बहुतेक वेळा आतूनच सडतो.

गार्ड वाचला तरी हँडल वाचतंच असं नाही. गाडी सरळ जातेय पण हँडल एका अंगाला वळलेलं दिसतंय, असं झालं की लोक म्हणतात चेसिस गेली. बहुतेक वेळा पुढचे शॉकअप 'टी'मध्ये, म्हणजे त्यांना वर-खाली धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये, फिरलेले असतात. गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढच्या ॲक्सलचा नट, ॲक्सल आवळणारा बोल्ट, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट आणि वरच्या टीचा मधला मोठा नट सैल करा. वरच्या टीचे शॉकअप धरणारे बाजूचे बोल्ट सोडू नका, नाहीतर गाडी खाली बसेल. समोर उभं राहून चाक गुडघ्यांत धरा, हँडलला उलट बाजूने झटका द्या. टी आणि मधला नट आवळा, मग ॲक्सलचा नट. पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी बसतात. त्यानंतर ॲक्सल आवळणारा बोल्ट आणि मडगार्ड. एवढं करूनही वाकडं असेल तर हँडल, शॉकअपचा पाइप किंवा टी वाकलीय. शॉकअपचा पाइप काढून काचेवर लोळवला की डोळ्यांना कळतं. वाकलेलं हँडल सरळ करू नका, बदला. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा: स्टिअरिंगपाशी छोटा स्टॉप असतो, तो मोडला की हँडल टाकीवर आपटतं.

क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर सहसा टोकाजवळ मोडतो, आणि उरलेल्या तीन बोटांच्या लिव्हरवर घरी पोचता येतं. वाकलेला सरळ करू नका. ॲल्युमिनियमला न दिसणारी चीर पडते आणि घाटात ब्रेक दाबताना तुकडा हातात येतो. पुढच्या वेळेसाठी सोपी सोय: लिव्हरच्या क्लॅम्पखाली प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा आणि क्लॅम्प इतकाच आवळा की जोर लावल्यावर हाताने फिरेल. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. दोन्हींचा एक-एक सुटा लिव्हर सीटखाली ठेवाच.

आत वाकलेला गियर लिव्हर गाडीवर असताना ठोकू नका. हातोड्याचा मार गियर शाफ्टला जातो, शाफ्ट वाकतो किंवा ऑइल सील फुटून डाव्या बाजूने ऑइल झिरपायला लागतं. शाफ्टवर आणि लिव्हरवर नेलपॉलिशची एक रेघ मारा, लिव्हर काढा, व्हाइसमध्ये धरून सरळ करा, रेघ जुळवून बसवा. ब्रेकचा पायडल सरळ केल्यावर मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल किंवा ब्रेक लाइट पेटलेलाच राहत असेल तर ॲडजस्टमेंट घ्या.

इंजिनच्या कव्हरला चीर पडून ऑइल झिरपत असेल तर जागा पेट्रोलने पुसून कोरडी करा, ८० नंबरच्या पेपरने खरवडा, आणि एम-सीलचे दोन्ही भाग सारखे मळून चिरेच्या पलीकडे दोन-दोन सेंटिमीटरपर्यंत दाबून बसवा. हे फक्त घरी पोचण्यापुरतं. दर वीस किलोमीटरला थांबून ऑइल बघा. नंतर आर्गन वेल्डिंग किंवा नवं कव्हर, नवी गॅस्केट. टाकीचा पोचा राहू द्या, त्यापायी काही थांबत नाही. मात्र पेट्रोल असलेल्या किंवा नुसत्या रिकाम्या केलेल्या टाकीजवळ कुणी वेल्डिंगची पेन्सिल आणली तर तिथून निघा.

नवा गार्ड घेताना चमक बघू नका, तो किती जागी बसतो ते मोजा. एकाच यू-क्लॅम्पवर बसणारा रुंद गार्ड पहारीसारखा काम करतो: टोकाला लागलेला मार कानावर कितीतरी पट होऊन येतो. दोन्ही बाजू चेसिसला दोन-दोन जागी बसणारा आणि आडव्या पट्टीने जोडलेला हवा. इंजिन माउंटिंगचा बोल्ट बदलावा लागला तर डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (ताकदीचा दर्जा) कोरलेला, त्याच आट्याचा, फक्त गार्डाच्या पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब बोल्ट घ्या. किती जोराने आवळायचा हा मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर लोखंडात बसणाऱ्या ८.८ च्या बोल्टला एम ८ ला (८ मिलिमीटर जाडीचा) २५ आणि एम १० ला ४५ ते ५० न्यूटन मीटर पुरे. ॲल्युमिनियमच्या आट्यात कमी.

विम्याचं म्हणाल, तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मी घट कापतात, बाहेरून लावलेला आणि पॉलिसीत न नोंदवलेला गार्ड धरत नाहीत, वर नो-क्लेम बोनस जातो. एक आरसा, एक इंडिकेटर आणि लिव्हर यांसाठी दावा परवडत नाही. गार्ड बसवल्यावर तीनशे-चारशे किलोमीटरनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. पावडर कोटिंग दबतं आणि बोल्ट सैल होतात.