पक्षी बघायला दुर्बीण घेताय? या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, पुण्याजवळच्या कवडीपाटचा बंधारा. पाण्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. शेजारी साठी ओलांडलेले एक काका नवीकोरी दुर्बीण डोळ्यांना लावून बराच वेळ उभे होते. शेवटी ती खाली घेऊन म्हणाले, "तुम्ही सगळे चक्रवाक चक्रवाक म्हणताय, मला तर नुसतं पाणी हलताना दिसतंय हो." दुर्बिणीवर छापलं होतं १०-३०×५०. म्हणजे झूम, पट कमी-जास्त करता येणारी. मुलाने वाढदिवसाला पाठवलेली. मी माझी ८×४२ त्यांच्या हातात दिली. "काका, आधी नुसत्या डोळ्यांनी तो केशरी ठिपका पकडा. नजर तिथून काढू नका, आणि तशीच दुर्बीण वर आणा." दोन मिनिटं ते काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "चोचीवरून पाणी गळतंय त्याच्या."

पुण्यात हौसेने दुर्बीण घेणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या कितीतरी दुर्बिणी तीन-चार रविवारांनंतर कपाटात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा घोटाळा टाळता येण्यासारखा असतो.

आकडा मोठा म्हणून घेणं

८×४२ यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात सगळे पहिल्याच आकड्याकडे बघतात. पण वस्तू जितकी मोठी दिसते तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. दहापटीपर्यंत बहुतेकांना हात सांभाळता येतो, त्यापुढे ट्रायपॉड हवा. शिवाय पट वाढली की नजरेत मावणारा भाग आक्रसतो. चांगल्या ८×४२ मधून हजार मीटरवर साधारण ११० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १०-३०×५० सारख्या झूममध्ये दहापटीवरही तो साठ-सत्तर मीटरच भरतो. सिंहगडच्या दरीत स्वर्गीय नर्तक हा पक्षी एका फांदीवर कितीसा थांबतो? अरुंद पट्ट्यात तो सापडेपर्यंत उडून गेलेला असतो.

आता उजेडाचं बघा. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×२५ या खिशातल्या दुर्बिणीत अडीच, आणि काकांच्या झूममध्ये तीसपटीवर पावणेदोनपेक्षाही कमी. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून बघितलं तर छोटी दुर्बीणही झकास वाटते. पहाटे झाडीखाली बाहुली मोठी होते आणि तीच दुर्बीण अंधारी वाटायला लागते. पक्षी तर आपण पहाटेच बघतो.

झूमची आणखी एक अडचण म्हणजे तिच्या पोटातली सरकणारी जादा भिंगं. दोन्ही नळ्यांतली भिंगं तंतोतंत सारखीच सरकली पाहिजेत, आणि स्वस्त बनावटीत ते साधत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिली दुर्बीण एकाच ठरलेल्या पटीची घ्या, आणि ती आठ. भिगवणला जाणं जास्त असेल, उजनीच्या पाण्यावर लांबचे रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं बघायची असतील, तर १०×४२ चालेल. माळरानावर मात्र दहापटीची हाव धरू नका. मयूरेश्वर अभयारण्यात किंवा सासवडच्या बाजूच्या माळावर दहा वाजून गेले की तापलेली हवा लहरायला लागते, आणि जास्त पटीत ती लहरच मोठी होते. धाविक पक्षी समोर असूनही विरघळल्यासारखा दिसतो.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही दुर्बिणींवर '६०×६०' किंवा '१००×' असं छापलेलं असतं. हाताच्या पंजात मावणाऱ्या वस्तूवर असा आकडा दिसला की पुढे वाचूसुद्धा नका.

चष्मा विसरणं

चष्मा लावूनच बघणार असाल तर खोक्यावर 'आय रिलीफ' किती लिहिलाय ते बघा. मागच्या भिंगापासून डोळा जास्तीत जास्त जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्मेवाल्यांना तो किमान १५ मिलिमीटर लागतो, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. शिकारीच्या रायफलवरच्या स्कोपमध्ये हेच अंतर नऊ-दहा सेंटिमीटर ठेवतात, गोळी सुटताना बंदूक मागे येऊन स्कोप भुवईवर आदळू नये म्हणून. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण तसले स्कोप स्वस्तात मिळतात म्हणून पक्षी बघायला घेणारे मला भेटलेत. हातात धरून एका डोळ्याने, तेही इतक्या लांबून, तो स्थिर राहतच नाही. चष्मा असेल तर दुर्बिणीचे मागचे रबरी कप खाली करायचे, नसेल तर वर. इतकी साधी गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत.

डोळ्यांना जुळवून न घेणं

"धूसर दिसतं", "डोकं दुखतं" या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा दुर्बीण नीटच असते. आधी मधली बिजागरी उघडझाप करून दोन वर्तुळांचं एकच गोल वर्तुळ होईल असं बघा. मग तीस-चाळीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि फक्त डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने अक्षरं स्पष्ट करा. आता डावीकडचं झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची (म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावरची) डायॉप्टरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. संपलं. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. कडी कुठे थांबली तिथे मी नखाएवढी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवलीय, कारण घरात भाचरं दुर्बीण हाताळतात आणि कडी हलते.

एवढं करूनही डोकं दुखत असेल तर दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ते तपासा. लांबच्या विजेच्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दोन-तीन इंच लांब न्या. एकीच्या दोन तारा होऊन वर-खाली सरकल्या तर दुर्बीण कधीतरी आपटलेली आहे. नळ्या पुन्हा रेषेत आणायचं काम घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने करू नका. जुनी, वापरलेली दुर्बीण घेताना ही तार-चाचणी आधी, किमतीचं बोलणं नंतर.

दुकानात घाई करणं

मी पेठेतल्या एका दुकानातून माझी पहिली दुर्बीण आतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात पाच मिनिटांत घेतली होती. भिंगं लालभडक होती आणि ते खास 'नाइट व्हिजन' असल्याचं मला सांगितलं गेलं. ते धादांत खोटं होतं. लाल लेप लाल उजेड परत फेकतो, त्यामुळे सगळं निळसर-हिरवट दिसतं. माझा खंड्या कित्येक महिने चुकीच्या रंगाचा होता.

आता मी दुर्बीण उलटी धरून पुढच्या भिंगात दिव्याचं प्रतिबिंब बघतो. ते मंद हिरवट-जांभळं असेल तर लेप बरा, पांढरंशुभ्र असेल तर लेप नाही किंवा नावापुरता. बिनलेपाचा काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परत फेकतो, आणि दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग सहज असतात. म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. म्हणून 'फुली मल्टीकोटेड' हे शब्द शोधा, म्हणजे सगळ्या भिंगांवर अनेक थरांचा लेप. नुसतं 'कोटेड' लिहिलेलं पुरेसं नाही. मग दुर्बीण हातभर लांब आकाशाकडे धरा आणि आयपीसमधली दोन उजळ वर्तुळं बघा. ती पूर्ण गोल हवीत. कडा चौकोनी कापल्यासारख्या आणि करड्या दिसल्या तर आतला लोलक हलक्या, बीके-७ काचेचा आहे. फुलपाखरांचीही आवड असेल तर पायाजवळ फोकस होतो का तेही बघून घ्या. दोन मीटर उत्तम.

पावसाळ्यात चामडी केसमध्ये ठेवणं

जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत बंद केसमधल्या भिंगावर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि लेप खाऊन टाकते. पावसात ताम्हिणीला जाणार असाल तर नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीणच घ्या, आतून धुकं धरत नाही. बाकीच्यांनी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या. पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी लेन्सचं कापड. शर्टाच्या टोकाने कधीच नाही, धुळीतले वाळूचे कण लेपावर ओरखडे काढतात.

काकांची झूम आता दहापटीवर पक्की ठेवून, ट्रायपॉडला बांधून, त्यांच्या गॅलरीत असते. समोरच्या पिंपळावर तांबटाची ढोली आहे, आणि पक्षी जागचा हलत नाही तिथे ती दुर्बीण बरी चालते. कवडीपाटला येताना त्यांच्या गळ्यात ८×४२ असते.